गोळीच्या पुढचे काम

(छत्रपती संभाजीनगर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, म्हणून मीही शाळेतलाच विषय निवडला आहे: मुलांच्या पोटातले जंत. सभेत बोलायला हा विषय काहींना किळसवाणा वाटेल. पण ज्याची किळस येते त्याबद्दल आपण बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या तसेच चालू राहते. सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. त्या काळात मनात जे साठले, ते आज मांडतो.

सुरुवात नारूपासून करतो. साठी ओलांडलेल्या अनेकांनी नारू पाहिला असेल. पायावर फोड यायचा, फुटायचा, आणि पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत बाहेर डोकवायचा. मादी मीटरभर लांब. ओढली तर तुटायची आणि आत पू व्हायचा, म्हणून काडीला गुंडाळत रोज बोटभर बाहेर काढायची. आठवडेच्या आठवडे माणूस अंथरुणाला खिळायचा. पायाची आग थांबावी म्हणून तो पायऱ्यांच्या विहिरीत उतरायचा, पाय पाण्यात सोडायचा, आणि त्याच क्षणी मादी हजारो अळ्या पाण्यात सोडायची. पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव त्या अळ्या गिळायचे. तेच पाणी गाव प्यायचे. वर्षभराने पुन्हा नवे पाय, नवे फोड.

या रोगाचा जंत मारणारे औषध नव्हते, लसही नव्हती. आजही नाही. तरीसुद्धा जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकीच एक. हे कसे झाले? पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधले आणि पाणी शेंदून घ्यायची सोय केली. पाणी दुपदरी कापडाने गाळायला घरोघरी शिकवले. विहिरींत सायक्लॉप्स मारणारे टेमिफॉस टाकले. कार्यकर्ते दारोदार फिरून रुग्ण शोधत राहिले. आणि हातपंप आले. इथे आपल्या भागाचा उल्लेख अभिमानाने करायला हवा. बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे जालन्यातल्या ख्रिस्ती मिशनच्या माणसांनी बोअरवर टिकेल असा पोलादी हातपंप घडवला. त्याआधीचे बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी बनलेले. गावाची रांग लागली की मोडायचे. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते. या जालना पंपावरून सोलापूर पंप झाला आणि त्यावरून युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क २, जो पुढे आफ्रिकेपर्यंत गेला. नारू हटवण्यात त्या पंपाचा वाटा मोठा आहे.

आता दुसरी बाजू पाहा. पोटातल्या जंतांवर औषध आहे. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी स्वस्त आहे, सुरक्षित आहे, शाळेत चावून खाता येते. आणि जंत आहेत. मातीतून लागणाऱ्या जंतांची लागण जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या देशातली १ ते १४ वयाची २४ कोटी मुले या जंतांच्या धोक्यात असल्याचे त्याच संघटनेने सांगितले होते. औषध नसलेला जंत गेला आणि औषध असलेला जंत राहिला. असे का झाले, हा आजचा माझा विषय.

मातीतून येणारे जंत मुख्यतः तीन. गोल जंत, ज्याला बहुतेक लोक नुसतेच जंत म्हणतात. हुकवर्म म्हणजे अंकुशकृमी. आणि चाबकासारखा दिसणारा चाबूककृमी. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती शौचातून बाहेर पडतात, पण बाहेर पडल्या पडल्या कोणाला लागत नाहीत. ओलसर, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावर त्यांच्यात अळी तयार होते. मग मातीने भरलेल्या बोटांतून, न धुतलेल्या गाजर-मुळ्यातून, कोथिंबिरीतून ती पोटात जातात. अळी आतड्यात बाहेर येते, रक्तातून यकृतात आणि फुप्फुसात जाते, खोकल्याबरोबर घशात येऊन पुन्हा गिळली जाते आणि मग आतड्यात मोठी होते. हुकवर्मची अळी वाट पाहत मातीतच असते. अनवाणी पाय पडला की कातडीतून आत शिरते.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण माझे सगळे म्हणणे तिच्यावर उभे आहे. हे जंत माणसाच्या पोटात संख्येने वाढत नाहीत. मादी अंडी घालते खरी, पण त्या अंड्यांचे जंत पोटात होत नाहीत. त्यांना मातीत जाऊन यावे लागते. म्हणजे एखाद्या मुलाच्या पोटात तीस जंत असतील, तर त्या मुलाने मातीतून आलेली निदान तीस अंडी गिळली आहेत. मुलाच्या पोटावरून त्याच्या अंगणाचा, शाळेच्या मैदानाचा, नाल्याकाठचा अंदाज बांधता येतो. सूतकृमी हा अपवाद. रात्री मूल ढुंगण खाजवते, ती अंडी काही तासांत लागायच्या अवस्थेत येतात आणि बोटांतून, अंथरुणातून सगळ्या घराला लागतात. त्याला माती लागत नाही. बाकी तिघांना लागते.

आपल्याकडचे काही समज इथेच बाजूला करतो. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. मूल झोपेत दात खाते यावरून जंत आहेत असे ठरत नाही. गालावरचे पांढरट चट्टे बहुतेक वेळा कातडीचेच असतात. आजीने दिलेले वावडिंग, डिकेमाली, एरंडेल यांचा मी अनादर करत नाही. एका काळात तेवढेच हाताशी होते. पण गोळी उपलब्ध असताना मुलाला एरंडेलाचे जुलाब देऊन कोमेजवून टाकण्याचे कारण उरत नाही. आणि माती खाणाऱ्या मुलाला रागावू नका. अंगात लोह कमी झाले की माती खावीशी वाटते, माती खाल्ली की अंडी पोटात जातात. त्या मुलाचे रक्त तपासा.

रक्ताचेच पुढे सांगतो, कारण जंतांचा खरा जाच तिथे आहे. हुकवर्म आतड्याला चिकटून रक्त पितो. जातीनुसार एक कृमी दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. मोठ्या जातीचे पन्नास कृमी असले तर रोज दहा मिलिलिटर. ज्या घरात मांस-मासळी क्वचित आणि डाळ पातळ, तिथे हे लोह भरून निघत नाही. मूल मरत नाही, तापाने फणफणत नाही, दवाखान्यात आणले जात नाही. ते शेवटच्या बाकावर बसते. खेळात लवकर दमते. वाचता वाचता ओळ हरवते, गुरुजी चिडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या रक्तक्षयी मुलांचे प्रमाण ५३.८ टक्के होते. पाचव्या फेरीत ते ६८.९ टक्के झाले. सगळा दोष जंतांचा नाही, आहार हे मोठे कारण आहे. पण लोहाची गोळी द्यायची आणि रक्त पिणारा कृमी पोटात ठेवायचा, यात ती गोळीही वाया जाते.

जगाने हे ओळखले २००१ मध्ये. त्या वर्षी जागतिक आरोग्य सभेने ठरवले की २०१० पर्यंत धोक्यातल्या किमान ७५ टक्के शालेय मुलांना जंतनाशक मिळावे. शाळा का? कारण शाळेत जाण्याच्या वयातच गोल जंत आणि चाबूककृमी सर्वांत जास्त असतात आणि शाळेत मुले एकत्र सापडतात. गावात डॉक्टर नसला तरी मास्तर असतो. भारतात १० फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय जंतनाशक दिनाची पहिली फेरी झाली. महाराष्ट्र त्या पहिल्या ११ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत होता. पुढच्या वर्षी तो देशभर गेला. १ ते १९ वयाची मुले, वर्षातून दोन फेऱ्या, फेब्रुवारी आणि ऑगस्ट.

ज्यांनी हा दिवस शाळेत पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जेवणाच्या सुट्टीनंतर मुले रांगेत. मेजावर गोळ्यांचा डबा, बाजूला पाण्याचा हंडा आणि पेले. आशाताई एकेकाच्या तळहातावर गोळी ठेवते, बाई म्हणतात, "चाव, गिळू नको." मूल तोंड वाकडे करते, चावते, पाणी पिते, तोंड उघडून दाखवते. गोळी घरी द्यायची नाही, डोळ्यांसमोर खायला लावायची. त्या दिवशी आजारी असलेल्या मुलाला द्यायची नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला अंगणवाडीत अर्धी गोळी, दोन चमच्यांमध्ये चुरून. हजेरीपटावर नावापुढे एक खूण. त्या दिवशी गैरहजर असलेल्याला काही दिवसांनी मॉप-अपच्या दिवशी गोळी, आणि त्याच्या नावापुढे दोन खुणा. एखाद्याला मळमळते, पोटात मुरडा येतो. ज्याच्या पोटात जंत जास्त त्याला हे जास्त होते आणि तासा-दोन तासांत थांबते. हे शिक्षकाने मुलांना आधीच सांगितले तर अफवा उठत नाही. न सांगता गोळ्या वाटल्या की एका मुलाच्या उलटीवर अख्खी शाळा दवाखान्यात जाते. हे काम करणाऱ्या आशा, अंगणवाडी सेविका आणि शिक्षकांबद्दल माझ्या मनात आदर आहे. एवढ्या मोठ्या संख्येने मुलांना एका दिवसात औषध पोचवणारे देश थोडे आहेत.

पण त्या हजेरीपटावर एक प्रश्न आहे आणि तो मराठवाड्याचा आहे. १० फेब्रुवारीला ऊसतोडीचा हंगाम भरात असतो. दिवाळीच्या सुमारास बीडच्या, आपल्या पैठण-कन्नडकडच्या गावांतल्या आणि तांड्यांवरच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. मोठी मुले मागे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बरीचशी आईबापांबरोबर जातात. फेब्रुवारीत ती फडाजवळच्या अड्ड्यावर असतात. पाचटाच्या कोप्या, शौचालय नाही, पाणी लांब. लहान मूल बैलांच्या पायाशी खेळते, अनवाणी. ओली, सावलीची, मानवी विष्ठेने दूषित झालेली माती जिथे बारा महिने सापडते ती उसाच्या फडाजवळ. मराठवाड्याच्या कोरड्या काळ्या रानात उन्हाळ्यात हुकवर्मच्या अळ्या तग धरत नाहीत, उसात धरतात. ज्या मुलाला गोळीची सर्वांत जास्त गरज, त्याच्या नावापुढे गावच्या शाळेत गैरहजेरी लागलेली असते, आणि मॉप-अपच्या दिवशीही तो गावात नसतो. शाळेची टक्केवारी तरी चांगलीच दिसते.

आता शास्त्रातल्या एका भांडणाकडे येतो. केनियातल्या बुसिया जिल्ह्यात १९९८ पासून ७५ शाळांमध्ये मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी जंतनाशकाचा प्रयोग केला. शाळेतली गैरहजेरी पावपट घटली. ज्यांनी गोळी घेतली नाही अशा मुलांनाही फायदा झाला, कारण मातीत पडणारी अंडी कमी झाली. त्याच मुलांना वीस वर्षांनी गाठले तेव्हा त्यांची कमाई इतरांहून अधिक होती. पुढे २०१९ मध्ये क्रेमर यांना अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दुसरीकडे, उत्तर प्रदेशात दहा लाख लहान मुलांवर झालेल्या 'देवता' या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले: दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल देऊन मृत्यूत आणि वजनात म्हणण्याजोगा फरक नाही. जगभरच्या चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन गटानेही सरसकट गोळ्या देण्याचा सरासरी परिणाम फार थोडा दिसतो असे म्हटले. यावरून गोळीवाले आणि गोळीविरोधी असे दोन तट पडले.

माझे मत सांगतो. दोघांनी मोजलेले खरे आहे. जंत सगळ्या मुलांत सारखे वाटलेले नसतात. थोड्या मुलांत पुष्कळ आणि पुष्कळ मुलांत थोडे किंवा एकही नाही, असे असतात. जिथे लागण कमी तिथे सगळ्यांची सरासरी काढली की ज्याच्या पोटात शंभर होते त्या मुलाचे बरे होणे त्या सरासरीत बुडून जाते. त्या मुलासाठी गोळी द्यावी, याबद्दल मला शंका नाही. तपासणीचा खर्च गोळीपेक्षा जास्त असल्याने ती सगळ्यांना द्यावी, हेही पटते. पण गोळी दिली की काम झाले, हे पटत नाही, आणि त्याला आधार आहे. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारानंतर बारा महिन्यांत गोल जंताची लागण पूर्वीच्या ९४ टक्क्यांपर्यंत, चाबूककृमीची ८२ टक्क्यांपर्यंत, हुकवर्मची ५७ टक्क्यांपर्यंत परत आली होती. गोळी जंत मारते आणि माती ते परत देते. चाबूककृमीवर तर एक गोळी पुरतही नाही.

मग ज्यांनी जंत खरोखर घालवले त्यांनी काय केले? जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर साठ टक्क्यांहून अधिक लोकांच्या पोटात गोल जंत होते, कारण शेतात माणसाची विष्ठा खत म्हणून पडत होती. त्यांनी शाळेत विष्ठेची तपासणी सुरू केली. १९५८ च्या शालेय आरोग्य कायद्याने ती बंधनकारक झाली. दक्षिण कोरियात १९६३ मध्ये जोंजू शहरात नऊ वर्षांच्या एका मुलीच्या पोटातून शस्त्रक्रियेत १,०६३ जंत निघाले आणि ती वाचली नाही. देश हादरला. १९६४ मध्ये परजीवी निर्मूलनाची संस्था उभी राहिली, १९६६ मध्ये कायदा झाला, आणि मग दशकानुदशके वर्षातून दोनदा शाळेतल्या प्रत्येक मुलाची विष्ठा तपासून ज्याला जंत त्याला औषध दिले गेले. १९७१ च्या राष्ट्रीय पाहणीत ८४.३ टक्के लोकांत कुठल्या ना कुठल्या जंताची अंडी सापडली होती. १९९७ मध्ये २.४ टक्के. त्या काळात शेतात रासायनिक खत आले, शहरांत मलनिःसारण आले, घरात नळ आले. त्या देशांनी अंडी मोजली आणि मातीत विष्ठा पडणे थांबवले. जपानने शाळेतली ही तपासणी २०१५ च्या शैक्षणिक वर्षानंतर थांबवली, कारण सापडण्यासारखे काही उरले नव्हते. त्याच वर्षी आपण राष्ट्रीय जंतनाशक दिनाची पहिली गोळी वाटली.

अंडी मोजणे फार अवघड काम नाही. काटो नावाच्या जपानी संशोधकाने १९५४ मध्ये ही पद्धत काढली, पुढे ब्राझीलच्या काट्झ यांनी ती सुधारली. माझे विद्यार्थी ती एका दुपारी शिकत. डबीतून आलेला नमुना बारीक जाळीवर दाबायचा, वर आलेला गाळ प्लास्टिकच्या पट्टीच्या छिद्रात भरायचा. त्या छिद्रात ४१.७ मिलिग्रॅम मावते. पट्टी उचलली की काचेवर छोटी टिकली राहते. त्यावर ग्लिसरीन आणि हिरव्या रंगात भिजवलेला सेलोफेनचा तुकडा ठेवून काच उलटी दाबायची. हळूहळू ती टिकली पारदर्शक होते. सूक्ष्मदर्शकाखाली गोल जंताचे अंडे तपकिरी, खडबडीत कडेचे. चाबूककृमीचे पिंपासारखे, दोन्ही टोकांना बूच बसवल्यागत. हुकवर्मचे नाजूक, पातळ कवचाचे. हुकवर्मसाठी घाई लागते. तासाभरात ग्लिसरीनमध्ये त्याचे अंडे विरघळल्यासारखे दिसेनासे होते. उशिरा पाहणाऱ्याला हुकवर्म नाही असे वाटते, आणि तसा अहवाल जातो. म्हणून नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नेण्यापेक्षा सूक्ष्मदर्शक शाळेत नेणे बरे. आकडा गुणिले २४, म्हणजे एका ग्रॅममधली अंडी.

कोणीतरी पाहिले म्हणून काय कळते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या रुग्णांच्या लघवीत शिस्टोसोमाची अंडी सापडली, हे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये नोंदवले. आफ्रिकेत कोट्यवधी शाळकरी मुलांना ग्रासणारा हा गोगलगाईतून पसरणारा जंत कोकणातल्या एका ओढ्याकाठी होता. सूक्ष्मदर्शकात डोळा घातला नसता तर तो मूतखडा म्हणूनच गेला असता.

आता माती. शौचालय बांधले की माती स्वच्छ झाली, असे मानायचा मोह होतो. ओडिशात पुरी जिल्ह्यातल्या १०० गावांत झालेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या गावांत मोहीम झाली तिथे शौचालये ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेली. मुलांच्या पोटातले जंत कमी झाले नाहीत. कारण घरातले सगळे ती वापरत नव्हते, लहान मुलांची विष्ठा अंगणातच पडत होती, आणि अर्धे गाव शिवारात जात राहिले तर उरलेल्या अर्ध्याच्या शौचालयाचा उपयोग थोडाच. उलट आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात २००४ मध्ये राज्य शासन आणि जागतिक बँकेच्या प्रयोगात ज्या गावांना एकत्र बसवून उघड्यावरची शौच सोडायला तयार केले, तिथल्या लहान मुलांची उंची इतर गावांतल्या मुलांपेक्षा वाढलेली आढळली. गाडगेबाबांच्या महाराष्ट्राला हे नवे नाही. हाती झाडू घेऊन गावात शिरणाऱ्या त्या माणसाने सरकारी अनुदानाची वाट पाहिली नव्हती. २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले तेव्हा गावांनी एकमेकांशी चढाओढ केली. ती चढाओढ थंडावली हे मला खुपते.

आपल्या शहराबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी भूमिगत नहरींतून पाणी आणून वसवलेले हे शहर आज कित्येक दिवसांनी नळाला येणाऱ्या पाण्यावर दिवस काढते. जायकवाडी धरण जवळ असून घरात पाणी पिंपात साठवावे लागते. ज्या शाळेच्या शौचालयात पाणी नाही, तिथे हात धुण्याचा धडा फळ्यावरच राहतो. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, जायला नको म्हणून. खाम आणि सुखना या नद्यांतून शहराचे सांडपाणी वाहते. सांडपाण्यावर भाजी पिकवायचीच झाली तर लिटरमागे जंताचे एकापेक्षा जास्त अंडे नसावे, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्येच घातली आहे. ती मोजणार कोण? खामच्या पुनरुज्जीवनाचे जे काम झाले त्याचे स्वागत करतो. तिच्या पाण्यातली अंडीही मोजा, एवढीच त्यात भर घालतो.

आयुर्वेदाचे काही विद्यार्थी इथे आहेत. त्यांना चरकाची आठवण करून देतो. विमानस्थानात कृमींवर त्रिविध उपाय सांगितला आहे: अपकर्षण म्हणजे कृमी बाहेर काढणे, प्रकृतिविघात म्हणजे कृमींना पोषक स्थिती मोडणे, आणि निदानपरिवर्जन म्हणजे ज्या कारणाने ते होतात ते टाळणे. तिन्ही मिळून चिकित्सा. आपले सारे बळ पहिल्यावर खर्च होते, कारण ते एका दिवसात करता येते, त्याचा फोटो निघतो आणि त्याची टक्केवारी दुसऱ्या दिवशी वर पाठवता येते.

आता काय करावे, हे थोडक्यात. या शहरात वैद्यकीय महाविद्यालय १९५६ पासून आहे. सूक्ष्मजीवशास्त्र आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचे विभाग आहेत, पोस्टिंगवर येणारे विद्यार्थी आहेत. दर ऑगस्टच्या फेरीआधी प्रत्येक तालुक्यातल्या काही शाळा चिठ्ठी टाकून निवडाव्यात, तिथल्या मुलांच्या काचा तिथेच तयार करून तिथेच पाहाव्यात. तीन-चार वर्षांत कळेल की सोयगावात काय आहे, गंगापुरात काय आहे, आणि आपली गोळी मातीपुढे टिकते की नाही. जिथे अंडी सापडतील तिथे आधी शाळेच्या शौचालयाला पाणी द्यावे. हुकवर्म सापडला तर मुलांच्या पायांत चपला घालाव्यात आणि त्यांच्या आयांचे रक्त तपासावे. हुकवर्म शेतात राबणाऱ्या मोठ्या माणसांतही तितकाच राहतो आणि शाळेचा कार्यक्रम त्यांच्यापर्यंत पोचत नाही. साखर कारखान्यांच्या हद्दीतल्या अड्ड्यांवर फेब्रुवारीत गोळी नेणे त्या त्या जिल्ह्याच्या आरोग्य विभागाला जमण्यासारखे आहे. लसीकरणासाठी तिथे जाणारे पथक आहेच, त्याच पिशवीत हा डबाही जाईल. कारखान्याने तात्पुरती शौचालये उभारावीत, ही मागणी ऊसतोड मजुरांच्या संघटनांनी पूर्वीपासून केली आहे. तिच्यामागे डॉक्टरांनीही उभे राहायला हवे.

आणि जी मुले तिथेही सुटतील, ती मार्च-एप्रिलमध्ये टोळीबरोबर गावी परततात. तेव्हा शाळा अजून भरत असतात. कोणती मुले गेली होती याची यादी मुख्याध्यापकांकडे असते, कारण हंगामी वसतिगृहाच्या प्रस्तावासाठी ती दिवाळीआधीच करावी लागते. फेब्रुवारीच्या फेरीत उरलेल्या गोळ्या आरोग्य केंद्रात असतात. मुख्याध्यापक, आशाताई आणि वैद्यकीय अधिकारी यांनी ती यादी घेऊन एक सकाळ बसावे आणि परतलेल्या प्रत्येक मुलाला त्याच आठवड्यात गोळी द्यावी. येत्या एप्रिलपासून हे पैठण आणि कन्नड तालुक्यांत करून पाहता येईल.